फळ्यावरची उतरती रेघ

त्या कारखान्यात दोन माणसांना कुणी नावाने हाक मारत नसे. एक भट्टीमास्तर, आणि दुसरी त्यांची सून, आकडेवाली. मास्तर चाकं भाजायचे, सून चाकं मोजायची. चाकं म्हणजे गाडीची नव्हेत हं. लोखंड घासायची, पोलादाला धार लावायची, दगडासारखी दिसणारी ग्राइंडिंगची चाकं. कुरुंद दगडाचे दाणे आणि माती मिसळून साच्यात दाबायची, कच्ची चाकं लोखंडी गाड्यांवर रचायची, आणि त्या गाड्या बोगद्यासारख्या लांब भट्टीच्या एका तोंडातून आत ढकलायच्या. दुसऱ्या तोंडातून बाहेर आली की चाक तयार. कुठेही लोखंड गुळगुळीत करायचं म्हटलं की असं एखादं चाक झिजत असतं. झिजलं की नवं लागतं. या साध्या गणितावर कारखाना पंचवीस वर्षं चालला होता.

गणित बिघडलं ते फळ्यावर. दर महिन्याच्या एक तारखेला आकडेवाली ऑफिसातल्या मोठ्या फळ्यावर दोन रेघा पुढे ओढायची. हिरवी रेघ, किती चाकं बनली. लाल रेघ, किती खपली. गेली दोन वर्षं लाल रेघ खालीच यायची, आणि हिरवी बिचारी तिचा पदर धरून मागोमाग. रेघ ओढताना आकडेवालीचा हात जड व्हायचा. पण आकडा म्हणजे आकडा, त्याला लाडीगोडी चालत नाही, असा तिचा बाणा होता. आणि खरं सांगायचं तर तिला आपल्या रेघेचा थोडा तोराही होता.

तो तोरा सोमवारी उतरला. कारखान्याच्या मालकीणबाई फळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बाई पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ, मनाने वाईट नाहीत. वडिलांच्या मागे कारखाना त्यांनीच ओढला होता. त्यांनी दोन्ही रेघा बोटाने शेवटपर्यंत नेल्या आणि जमलेल्यांना सांगून टाकलं की शुक्रवारी पाच वाजता भट्टी विझवायची. पुढे चाकं बाहेरून तयार आणायची आणि आपला शिक्का मारून विकायची. काढायचं कुणालाच नाही, मास्तरांना गोदामात खोकी मोजायला बसवू. मग त्या आकडेवालीकडे वळल्या आणि मनापासून म्हणाल्या, "तुझ्या रेघेमुळे वेळेवर कळलं बघ."

ती भट्टी अकरा वर्षं एकदाही थंड झाली नव्हती. एकदा थंड झाली की आतल्या विटा तडकतात, आणि मग ती पुन्हा बांधायला कुणी धजावत नाही, हे कारखान्यातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. आणि मास्तरांनी खोकी मोजायची? जो माणूस घरी चहासुद्धा ज्वाळेचा रंग बघून उतरवतो, त्याने? आकडेवालीने मास्तरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून हातमोजे झटकत होते. मग आपल्या कामाला निघून गेले.

घरीही त्या संध्याकाळी कुणी विषय काढला नाही. त्याला कारण होतं. सून नवी नवी नोकरीला लागली तेव्हा सासरा आणि सून ताटावर बसून गाड्या आणि नग यांवरून असे हमरीतुमरीवर यायचे की अन्न गार व्हायचं. शेवटी सासूबाईंनी कायदा केला: कारखाना उंबऱ्याबाहेर, घरात त्याचं नाव काढेल त्याने भांडी घासायची. मास्तरांना भांड्यांचा भारी तिटकारा. त्यामुळे चार वर्षं एका छपराखाली राहून भट्टीवाला आणि आकडेवाली कामाबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. मुलगा म्हणजे आकडेवालीचा नवरा, तो आपला कायद्याच्या बाजूने. त्याला गरम जेवण मिळत होतं.

मंगळवारी आकडेवालीला एक नकोसं काम आलं. जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन, आता माल बाहेरचा येईल, असं पत्र द्यायचं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पुलाखालचं, यंत्रांचे शाफ्ट म्हणजे लोखंडी दांडे घासणारं वर्कशॉप. तिच्या वहीप्रमाणे हे लोक पूर्वी महिन्याला बारा चाकं नेत, आता दहाच नेत होते. बिचाऱ्यांचं काम बसलं असणार, असं मनाशी म्हणत ती आत शिरली, आणि दारातच थबकली. पाचच्या पाच मशीनं धडाडत होती. पाण्याचे फवारे, ठिणग्या, घासायला आलेल्या शाफ्टच्या राशी पार रस्त्यापर्यंत. वर्कशॉपवाला घाम पुसत आला, तेव्हा तिने बिचकतच विचारलं की काम कमी झालंय का. तो तिच्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. त्याने म्हणे दुसरी पाळी सुरू केली होती, आणि जेवायला बसायची सोय नव्हती.

मग चाकं कमी का घेता?

त्याने खांदे उडवले आणि भिंतीकडे बोट दाखवलं. त्या वर्कशॉपमध्ये एक जुनी पद्धत होती. चाक झिजून संपलं, उतरवलं, की त्या चाकावर किती शाफ्ट झाले तो आकडा कारागीर मशीनमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायचा. पुसायचं काही नाही. भिंत वरपासून खालपर्यंत आकड्यांनी भरली होती. आकडेवाली भिंतीला नाक लावून वाचायला लागली. दोनशे दहा. दोनशे पाच. दोनशे. दोनशे आठ. ओळीच्या ओळी तशाच. आणि मग एका जागी, मध्येच, दोनशे साठ. दोनशे ऐंशी. तीनशे. तीनशे पाच. तीनशे. त्याच्या खाली एकही आकडा तीनशेच्या आत नव्हता.

तिचे कान तापले. काम वाढलंय आणि तरी चाकं कमी लागताहेत, कारण एकेक चाक दीडपट टिकतंय. लाल रेघ खाली येत होती ती चाक वाईट म्हणून नव्हे, चाक फार चांगलं झालं म्हणून. आणि आपण काय केलं? चाकं मोजली. फक्त चाकं. त्या चाकांनी काय केलं ते कधी मोजलंच नाही. स्वतःच्या हाताने स्वतःच्या घराच्या भट्टीवर धोंडा घातला. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू. वर्कशॉपवाल्याला तिने पत्र दिलंच नाही. ती तिथून पळत सुटली आणि त्या दिवसात आणखी तीन गिऱ्हाइकांकडे जाऊन आली. कुणी वहीत लिहिलेलं, कुणी कपाटाच्या दारावर, एकाने तर नुसतं तोंडी सांगितलं, पण सगळीकडे एकच गोष्ट. दोन वर्षांपासून चाक मरता मरत नाही.

दोन वर्षांपूर्वी भट्टीवर झालं तरी काय होतं? ते ज्याला ठाऊक तो माणूस तिच्या शेजारी पाटावर बसून रोज जेवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

त्या संध्याकाळी ताटं वाढली गेली आणि आकडेवालीने कायदा मोडला. म्हणाली, भांडी मी घासते, आजची, उद्याची, आठवड्याची, पण मामंजी, दोन वर्षांपूर्वी तुम्ही भट्टीचं काय केलंत ते सांगा. मास्तरांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी सुनेचा चेहरा पाहिला आणि कोशिंबिरीचं भांडं गुपचूप बाजूला सरकवलं. म्हणजे परवानगी.

मास्तर सांगायला लागले, आणि मग थांबेचनात. दोन वर्षांपूर्वी गाड्या ढकलणारी मोटर बंद पडली. अर्धा दिवस गाड्या आत जिथल्या तिथे. माल गेला असं धरून त्यांनी एकेक चाक बोटावर टांगून लाकडी मुठीने वाजवलं. तडा असला की चाक बद्द वाजतं, धड असलं की खणखणीत. पण त्या दिवशी जो आवाज निघाला तसा त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. ते म्हणे वाजवतच बसले, लोक हसले तरी. मग त्यांच्या लक्षात आलं की चाक सावकाश थंड झालं की दाणा घट्ट बसतो, बोथट होईस्तोवर जागा सोडत नाही. त्यांनी एकेका तासाने ढकलायची गाडी दीड तासाने ढकलायला सुरुवात केली. नेमकी तेव्हा मागणी थोडी कमी होती, कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे चाक टिकायला लागलं तशी मागणी आणखी कमी झाली, आणि दीड तासाला कुणी हरकत घेण्याचा प्रश्नच उरला नाही.

"अहो, मग सांगितलं का नाही कुणाला? मी दर महिन्याला ती रेघ खाली ओढत होते, जीव तुटायचा माझा."

मास्तर गोंधळले. आयुष्यात पहिल्यांदा ते सुनेसमोर लाजल्यासारखे दिसले.

"तुझी रेघ बघायला मी दर एक तारखेला यायचो ऑफिसात, पाणी प्यायच्या निमित्ताने," ते म्हणाले. "ती खाली आली की कळायचं, चाक टिकतंय. मी मनात म्हणायचो, पोरगी बरोबर दाखवतेय. मला काय माहीत, ती रेघ वाचून माणसं भट्ट्या विझवतात."

आकडेवालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन वर्षं एकाच रेघेकडे बघून ती कुढत होती आणि हा माणूस खूश होत होता, आणि दोघं रोज एकाच भांड्यातलं वाढून घेत होते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या की कायदा चुकला बाई माझा, आणि त्या रात्रीची भांडी त्यांनीच घासली.

बुधवारी सकाळी आकडेवाली बाईंच्या खोलीत दार न वाजवता घुसली. भिंतीवरच्या आकड्यांचे फोटो, गाड्यांचं वेळापत्रक, सगळं तिने टेबलावर पसरलं आणि एका दमात सांगून टाकलं. बाईंनी ऐकलं. मॅनेजरही तिथेच बसला होता. हुशार माणूस, पण हुशारी नको तिथे धावायची. तो टाळी वाजवून म्हणाला की मग तर प्रश्नच मिटला, गाडी पूर्वीसारखी तासाने ढकला. चाक लवकर झिजेल, खप वाढेल, भट्टी वाचेल.

आणि गंमत बघा, बाईंना ते पटायला लागलं. पटण्यासारखंच होतं. मास्तरांना बोलावणं गेलं. त्यांनी मॅनेजरचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले.

"चांगलं करता येतं हे कळल्यावर मुद्दाम वाईट करायला माझे हात वळायचे नाहीत. तसं करायचं तर भट्टी शुक्रवारीच विझू दे."

हा माणूस बोलतो ते करतो, हे आकडेवालीला ठाऊक होतं. तिने घाईघाईने मधे तोंड घातलं. म्हणाली, बाई, चाक जास्त टिकतं म्हणूनच घेईल असं नवं गिऱ्हाईक मी आणलं तर? बेअरिंगचा मोठा कारखाना, नदीपलीकडचा. सहा वर्षांपूर्वी तो आपल्याला सोडून गेला, कारण आपलं चाक बेअरिंगच्या साडेतीनशे रिंगा घासून संपायचं आणि बाहेरचं चारशे करायचं. बाईंनी बराच वेळ पेन आपटलं. मग म्हणाल्या, शुक्रवारी पाचपर्यंत. त्यानंतर मी ऐकणार नाही.

बेअरिंगच्या कारखान्याचा फोरमन जाडजूड आणि शंकेखोर होता. आकडेवाली गुरुवारी सकाळी पावणेआठला त्याच्यासमोर हजर झाली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत चाक होतं, लेकरू कवटाळावं तसं पोटाशी धरलेलं. वाटेत तिने ते कुणाच्याही हाती दिलं नव्हतं. फोरमनने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याची लाकडी मूठ चाकावर मारली. आवाज आला बद्द.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तडा? वाटेत कुठे आपटलं? एवढं जपून आणलं, तो सगळा खटाटोप मातीत?

"ताई," फोरमन म्हणाला, "तुम्ही असं धरून ठेवलंय तर ते वाजेल कसं? सोडा की आधी."

चाकं मोजण्यात चार वर्षं घालवली, पण चाक बोटावर टांगून वाजवायचं, हे परवा मास्तरांनी सांगूनही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तिने सोडलं. त्याने चाक एका बोटावर टांगलं आणि पुन्हा मारलं, आणि असा खणखणीत आवाज उमटला की पलीकडच्या मशीनवरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं. फोरमनने उगीचच आणखी दोनदा वाजवलं. मग म्हणाला, चढवा.

आठ वाजता पहिली रिंग घासली गेली. तासाला पंचवीस रिंगा. फोरमन दर तासाला फोनवरून आकडा कळवणार, असं ठरलं. आकडेवाली परत येऊन भट्टीच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहायला लागली. पंचवीस. पन्नास. पंच्याहत्तर. दुपारपर्यंत भिंतीसमोर गर्दी जमली. साच्यावरचे आले, गाड्या भरणाऱ्या बाया आल्या, दरवाजावरचा रखवालदार दरवाजा सोडून आला. जणू मॅचच लागली होती. दोनशे झाले तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. संध्याकाळी आठ वाजता बेअरिंगवाल्यांची पाळी संपली तेव्हा भिंतीवर तीनशे होते, आणि चाक मशीनवर तसंच उभं होतं. मास्तर मात्र भिंतीकडे फिरकले नाहीत. त्यांच्या दीड तासाच्या गाड्या चालू होत्या. फक्त शेवटचा फोन आला तेव्हा ते आकडेवालीच्या मागे, पाणी प्यायच्या निमित्ताने, येऊन उभे होते.

शुक्रवारी सकाळी कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. दहा वाजता तीनशे पन्नास. म्हणजे आपलं जुनं चाक इथे संपलं असतं. अकरा वाजता तीनशे पंच्याहत्तर. मॅनेजर तीनदा खाली येऊन, सहज आलो, असं म्हणून आकडा विचारून गेला. बारा वाजले. फोन नाही. बारा वाजून पाच मिनिटं. आकडेवालीने नखं खाऊन संपवली. बारा दहाला फोन वाजला, आणि फोरमन नेहमीच्या थंड आवाजात म्हणाला की जेवायला गेलो होतो, चारशे झाले, आणि चाक अजून बोटभर शिल्लक आहे.

ती काय ओरडली ते तिलाही आठवत नाही. गाड्या भरणाऱ्या बायांनी तिला उचललं म्हणतात. रखवालदार खडू घेऊन आकडा इतका मोठा लिहून गेला की पुढच्या आकड्यांना जागाच उरली नाही, मग ते बाजूच्या भिंतीवर न्यावे लागले. चारशे पंचवीस, साडेचारशे, चारशे पंच्याहत्तर. आनंदाने त्या दिवशी कारखान्यात कुणी धड जेवलं नाही.

पण भट्टी वाचली होती कुठे? फोरमनने मागणीचा शब्द दिला नव्हता. चाक संपू दे, मग आकडा बघून बोलू, असं तो म्हणत होता. आणि चाक संपत नव्हतं. आता ही कोण विचित्र पाळी! काल जे चाक टिकावं म्हणून आकडेवाली प्राण पणाला लावत होती, तेच चाक पाचच्या आत संपावं म्हणून ती आज काकुळतीला आली. चारला पाचशे. तरी फिरतंय आपलं.

पाच वाजता बाई भट्टीपाशी आल्या. मॅनेजर इंधनाच्या नळावर हात ठेवून उभा होता. सगळा कारखाना भोवती गोळा झाला होता, आणि मास्तर गाड्यांच्या तोंडाशी, घड्याळाकडे बघत. आकडेवालीचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि फोन खाली घेतला.

"पाचशे पंचवीस, बाई."

"पाचशे पंचवीसला संपलं?"

"नाही. अजून फिरतंय." आणि मग तिला हसू आवरेना. "फोरमन म्हणतोय, मी कुठवर वाट बघत उभा राहू, माझे पाय दुखायला लागले. पन्नास चाकं पाठवा, हे संपायच्या आत."

गलका झाला. मॅनेजरने तेवढ्यातही शंका काढलीच, की चाक एवढं टिकलं तर हे गिऱ्हाईकसुद्धा हळूहळू कमीच घेणार. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"सहा वर्षं तो आपल्याकडून एकही घेत नाहीये. शून्याच्या खाली कसा जाईल रे बाबा? काढ तो नळावरचा हात."

मॅनेजरने हात काढला. बाई पुढे झाल्या, भट्टीच्या तोंडाशी जाऊन मास्तरांना काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. माफीचं असेल, कौतुकाचं असेल, बाईंना दोन्ही जड जायचं. त्यांनी घसा साफ केला. मास्तरांनी घड्याळ पाहिलं.

"बाई, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "गाडीची वेळ झाली."

आणि मालकीणबाई, ज्या कुणासाठी कधी बाजूला होत नसत, त्या झाल्या. मास्तरांनी गाडी आत ढकलली.

एक तारखेला आकडेवालीने फळ्यावर तिसरी रेघ सुरू केली, निळी. एका चाकावर किती काम होतं त्याची. बेअरिंगवाल्यांची पन्नास चाकं धरूनही लाल रेघ त्या महिन्यात थोडी उतरली. तिने ती ओढली, आणि पाण्याच्या माठाकडे वळून बघितलं. मास्तर पेला हातात धरून उभे होते. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि दोघांनी एकदमच मान हलवली.